घरच्या घरी बेलिनी: पीचचा गर, स्पार्कलिंग वाइन आणि जपायचे बुडबुडे

बेलिनीत पदार्थ दोनच, फळाचा गर आणि स्पार्कलिंग वाइन. त्यामुळे यात बिघडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्यांदा केली तेव्हा मी आधी सगळ्या ग्लासांत ऐटीत वाइन ओतली आणि वरून चमच्याने पीचचा गर सोडला. डोळ्याची पापणी लवायच्या आत फेस सरसरत वर आला, काठावरून उतरला आणि टेबलक्लॉथवर पसरला. ग्लासात उरलं ते अर्ध्याच्या आसपास, तेही गोडसर, पिवळट आणि निपचित. पाहुण्यांनी कौतुक करत प्यायलं, हे त्यांचं मोठेपण.

त्या दिवसापासून माझा सगळा हिशेब एकाच गोष्टीभोवती फिरतो. फळ कितीही रसाळ असू दे, बाटली कितीही चांगली असू दे, ग्लास तोंडाला लावेपर्यंत बुडबुडे शिल्लक राहिले नाहीत तर हाती येतो तो फक्त मद्य घातलेला फळांचा रस. खाली पीच, गर, गाळणी, बर्फ, बूच असं बरंच काही सांगितलंय, पण ते सगळं बुडबुड्यांसाठीच चाललंय असं समजा.

हे पेय नेमकं काय

बेलिनीचा जन्म व्हेनिसमधल्या हॅरीज बारमध्ये झाला. हा बार १९३१ साली जुझेप्पे चिप्रियानी यांनी सुरू केला आणि हे पेयही त्यांच्याच नावावर आहे. त्याचा फिकट गुलाबी रंग पाहून त्यांना जोवान्नी बेलिनी या व्हेनिसच्या जुन्या चित्रकाराच्या चित्रांतली छटा आठवली आणि नाव ठरलं. मूळ कृतीत पांढऱ्या गराचं पीच असतं, आणि ते उन्हाळ्यातच मिळत असल्यामुळे पेयही तेव्हा हंगामीच होतं.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीतलं माप सोपं आहे: १०० मिली प्रोसेको (इटलीची स्पार्कलिंग वाइन) आणि ५० मिली पांढऱ्या पीचचा गर. म्हणजे दोनास एक. घरी करताना मी इथूनच सुरुवात करते आणि गर फार दाट असेल तर तिनास एकपर्यंत जाते. याच्या उलट दिशेला, म्हणजे गर वाढवत जाऊ नये. गर निम्म्यावर गेला की पेय जड होतं आणि दुसरा ग्लास कुणी मागत नाही.

ब्रंचच्या टेबलावर हिची चुलत बहीण मिमोसा जास्त दिसते. त्यात संत्र्याचा रस आणि वाइन समसमान. रस पातळ असल्यामुळे मिमोसा करणं सोपं आहे. गर वापरायचा म्हटलं की कौशल्य लागतं. म्हणून बेलिनी जमली की बाकीची सगळी फळं हाताखालची होतात.

सात ग्लासांसाठी लागणारं साहित्य

७५० मिलीच्या एका बाटलीत प्रत्येकी १०० मिलीप्रमाणे सात ग्लास होतात आणि थोडी वाइन फेसासाठी उरते. त्या हिशेबाने:

- स्पार्कलिंग वाइनची १ बाटली, चांगली गार
- पूर्ण पिकलेली मध्यम आकाराची ४ पीच, साधारण ६०० ग्रॅम
- लिंबाचा रस २ लहान चमचे
- साखरेचा पाक, लागला तर १ ते ३ मोठे चमचे
- बर्फ, पण तो ग्लासात नाही, बाटलीभोवती घालायला

पाकासाठी अर्धा कप साखर आणि अर्धा कप पाणी मंद आचेवर ठेवून साखर विरघळेपर्यंतच ढवळा. उकळत बसायचं नाही, तार वगैरे तर अजिबात नको. गार करून ठेवा. कोरडी साखर थेट ग्लासात घालण्याचा मोह टाळा. तिच्या प्रत्येक कणावर वायूचे बुडबुडे जमतात, फेस उसळतो आणि साखर मात्र तळाशी तशीच बसून राहते.

वाइन कोणती घ्यायची

इथे पैसे वाचवायला पूर्ण मुभा आहे. शॅम्पेनची दुसरी आंबवण बाटलीतच होते आणि ती यीस्टसोबत बराच काळ मुरते. त्यातून येणारा भाजलेल्या पावासारखा, सुक्या मेव्यासारखा नाजूक वास हीच तिची खरी किंमत. तिच्यावर पीचचा गर ओतला की तो वास पार झाकला जातो. प्रोसेकोचं तसं नाही. ती मुख्यतः ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, किमान ८५ टक्के तरी. तिची दुसरी आंबवण बंद टाकीत होते, त्यामुळे ताज्या सफरचंदाचा, नासपतीचा वास टिकून राहतो. फळासोबत फळाचाच वास जुळतो. कावा किंवा दुसरी कुठलीही साधी, कोरड्या चवीची स्पार्कलिंग वाइनही चालते.

बाटलीवरचा गोडीचा शब्द मात्र नीट वाचा, कारण तो हमखास फसवतो. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव ऐकून ती आणखी कोरडी असेल असं वाटतं, पण तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड. नुसतं ‘ड्राय’ त्याहून गोड, १७ ते ३२ ग्रॅम. आणि ‘डेमी-सेक’ तर ३२ ते ५०. गोडी फळातून येणारच आहे, तेव्हा ब्रूट घ्यावी. गोडी कमी पडली तर पाक हाताशी आहे. जास्त झालेली गोडी काढून घेता येत नाही.

पीच निवडणं आणि सोलणं

पिकलेलं पीच वासावरून कळतं. देठाच्या बाजूने नाकाशी धरलं की सुगंध आला पाहिजे आणि अंगठ्याने हलकं दाबल्यावर जरासं दबलं पाहिजे. कडक असेल तर कागदी पिशवीत घालून एकदोन दिवस बाहेर ठेवा, फ्रीजमध्ये नको. पांढऱ्या गराचं पीच मिळालं तर उत्तम. त्याची चव जास्त नाजूक आणि फुलांच्या अंगाने जाणारी असते. पिवळ्या पीचमध्ये आंबटपणा थोडा जास्त असतो आणि रंग केशरीकडे झुकतो. चवीला ते कमी नाही, फक्त गुलाबी छटा येणार नाही. ती हवीच असेल तर चारसहा रास्पबेरी गरासोबत फिरवा.

ताजं मिळत नसेल तर गोठवलेलं पीच बिनधास्त वापरा, ते पिकल्यावरच गोठवलेलं असतं. पूर्ण वितळू द्या आणि सुटलेलं पाणी फेकू नका, त्यात चव असते. डब्यातलं पीच शेवटचा पर्याय. ते आधीच पाकात बुडालेलं असतं, म्हणून निथळून घ्या, वेगळा पाक घालू नका आणि लिंबू थोडं वाढवा.

ताज्या पीचची लवदार साल काढायची सोपी युक्ती अशी: प्रत्येक पीचच्या खालच्या टोकाला सुरीने फुलीसारखी उथळ चीर द्या, उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद सोडा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. साल बोटांनीच सुटून येते. साल सुटत नसेल तर फळ अजून कच्चं आहे, असं खुशाल समजा. गर सुरीने कापून बी बाजूला काढा. बी फुटलेली असेल तर तिचा एकही तुकडा मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. आतल्या गाभ्यात पोटात जाऊ नयेत अशी द्रव्यं असतात आणि त्याचा कडवटपणाही उतरतो.

गर तयार करणं

पीच कापलं की ते काळवंडायला लागतं. कापलेल्या भागाला हवा लागली की फळातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तपकिरी रंग तयार होतो. लिंबाचा आंबटपणा त्या विकराला रोखतो, म्हणून लिंबाचा रस शेवटी चवीला नाही, तर फोडी मिक्सरच्या भांड्यात पडल्या की लगेच घालायचा.

फोडी आणि लिंबू एकत्र फिरवा, पण थांबत थांबत, थोडा थोडा वेळ. मिक्सर सलग जोरात चालवला की गरात हवा भरते आणि तो दुधाळ, फेसाळ होतो. ही कोंडलेली हवा पुढे वाइनला भेटते तेव्हा गोंधळ घालते. आता गर बारीक जाळीच्या गाळणीतून चमच्याने दाबत गाळा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बरेच जण ती वगळतात. मला विचाराल तर संपूर्ण कृतीत एकच पायरी नीट करायची असेल तर ही करा.

कारण असं. वाइनमध्ये विरघळलेला कर्बवायू आपण होऊन सहजी बाहेर पडत नाही. त्याला बुडबुडा बनायला एखादी जागा लागते. काचेवरचा ओरखडा, धुळीचा तंतू, फळाचा रेषा, हवेची इवलीशी पोकळी, काहीही चालतं. न गाळलेला गर म्हणजे अशा हजारो जागा एकदम. त्यावर वाइन पडली की वायू एकाच वेळी सगळीकडून सुटतो आणि फळातलं पेक्टिन त्या फेसाला धरून ठेवतं. माझ्या टेबलक्लॉथवर जे झालं ते हेच. रेषे काढले, हवा काढली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

गाळलेला गर चाखून पाहा. तो नुसता खाल्ल्यावर किंचित जास्त गोड लागला पाहिजे, कारण वाइन आंबट आहे आणि गारवा गोडी दाबतो. कमी वाटला तर एकेक चमचा पाक घाला. दाटपणा पाहायचा तर चमच्यातून गर सलग धार धरून पडला पाहिजे. गोळ्या-गोळ्यांनी पडत असेल तर एकदोन चमचे गार पाणी मिसळा. झाकण लावून फ्रीजमध्ये निदान दोन तास ठेवा. या वेळात तो गार होतो आणि आत कोंडलेली हवाही वर येऊन निघून जाते. वर फेसाचा थर दिसला तर चमच्याने काढून टाका.

सगळं गार, अगदी गार

थंड द्रवात कर्बवायू जास्त विरघळून राहतो, कोमट झाला की पळतो. त्यामुळे वाइन गार आणि गर खोलीच्या तापमानाला, असं करून भागत नाही. दोन्ही गार हवेत आणि जमल्यास ग्लासही. वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअसला असावी. फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवली की होते. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं घ्या, मूठभर मीठ टाका आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचली तर मधल्या पोकळ्यांमुळे वेळ जास्त लागतो, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलेली बाटली फुटू शकते. आणि ती आपण विसरतोच.

ग्लास उंच आणि अरुंद किंवा थोडा पोट असलेला घ्या. पसरट, उथळ ग्लास दिसतो देखणा, पण त्यात वायू लवकर उडतो. धुतल्यावर साबणाचा अंश राहू देऊ नका, आणि फडक्याने पुसण्यापेक्षा पालथा घालून वाळवा. फडक्याचे तंतू काचेला चिकटतात.

बाटली उघडणं

शॅम्पेनसारख्या बाटलीत ५ ते ६ वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. प्रोसेकोत थोडा कमी, पण डोळ्याला इजा करायला पुरेसा. ‘फट्ट’ आवाज करून बूच छताला मारणं सिनेमात ठीक आहे. त्यात वाइनही सांडते आणि आपण जपायला निघालेला वायूही जातो.

वरचा कागद काढा. एक अंगठा बुचावर घट्ट ठेवा आणि तारेची कडी सोडवा, साधारण सहा अर्धे फेरे लागतात. तार सैल झाली की बूच कधीही सुटू शकतं, म्हणून इथून पुढे हात बुचावरून काढायचा नाही, फोन वाजला तरी. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून आणि काचेपासून दूर. आता एका हाताने बूच तारेसकट पकडून ठेवा आणि दुसऱ्या हाताने बाटली तळाशी धरून फिरवा. बूच नाही, बाटली. बूच वर ढकलायला लागलं की त्याला उलट दाबून धरा आणि हळूहळू येऊ द्या. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला की झालं.

बाटली नुकतीच हिंदकळली असेल तर दहा-पंधरा मिनिटं स्थिर राहू द्या. कोमट बाटली तर उघडूच नका.

ओतणं

इथे क्रम बदलायचा नाही: आधी गर, मग वाइन.

प्रत्येक ग्लासात ५० मिली गर घाला. सगळे ग्लास आधी गराने भरून ओळीने मांडून ठेवा, म्हणजे उघडी बाटली हातात धरून ताटकळावं लागत नाही.

पहिला ग्लास तिरका धरा आणि कडेने फक्त दोन-तीन मोठे चमचे वाइन सोडा. लांब दांड्याच्या चमच्याने गर आणि ही थोडी वाइन हलकेच एकजीव करा. फेस येईल, येऊ द्या. या थोड्या वाइनचे बुडबुडे आपण जाणूनबुजून खर्च करतोय, बदल्यात गर पातळ होतो आणि पुढच्या वाइनशी भांडत नाही. दुसऱ्या ग्लासाला तेच, मग तिसऱ्याला. ओळ संपवून पहिल्याकडे परत याल तोवर त्याचा फेस बसलेला असेल.

आता ग्लास पुन्हा तिरका धरून उरलेली वाइन कडेकडेने, बारीक धारेने भरा. काठापासून दोन बोटं खाली थांबा. शेवटी चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हलकेच वर उचला. ढवळायचं नाही. रंग तळापासून वरपर्यंत सारखा झाला आणि मधून बुडबुड्यांच्या रेघा उठताना दिसल्या की लगेच द्या. हे पेय थांबत नाही. दहा मिनिटांनी गर खाली बसायला लागतो.

शेकरमध्ये वाइन घालून हलवू नये, मिक्सरमध्ये तर मुळीच फिरवू नये. दाबाने झाकण उडतं. मोठ्या जगमध्ये एकदम बनवून ठेवणंही नको. लोक जास्त असतील तर गराचा जग आणि बर्फातली बाटली शेजारी ठेवा आणि ज्याला हवं त्याला तिथल्या तिथे बनवून द्या. बर्फाचे खडे ग्लासात टाकू नका. सजावट म्हणून पीचची एक पातळ चकती काठाला पुरे. आत बुडवलेली फोड म्हणजे वायूला आणखी एक निमित्त.

दुसरी फळं

स्ट्रॉबेरी घातली की याच पेयाला रोसिनी म्हणतात. बिया गाळून काढाव्या लागतात, बाकी रीत तीच. डाळिंबाच्या रसाचं टिंटोरेट्टो, छोट्या संत्र्याच्या रसाचं पुचिनी. हे दोन्ही रस पातळ, त्यामुळे त्रास कमी. आंबा फार दाट असतो; गरात जवळजवळ निम्मं गार पाणी मिसळल्याशिवाय तो वाइनला जुमानत नाही, आणि लिंबू सढळ हाताने लागतं. अननस भयंकर फेसाळतो, त्याचा फक्त दोनदा गाळलेला रस घ्या. केळं नको. मी करून पाहिलंय, तुम्ही करू नका.

मद्य किती, आणि ज्यांना नको त्यांचं काय

११ टक्क्यांची १०० मिली वाइन म्हणजे एका ग्लासात साधारण ८.७ ग्रॅम शुद्ध मद्य. आकडा लहान वाटतो, पण गोड आणि गार पेय भराभर संपतं, बुडबुड्यांमुळे मद्य लवकर चढू शकतं, आणि ब्रंचला बरेच जण रिकाम्या पोटी येतात. आधी टेबलावर खाणं मांडा, मग बाटली उघडा, सोबत साधं पाणी ठेवा. गाडी चालवणाऱ्यांना, गरोदर बायकांना, मद्यासोबत चालत नाहीत अशी औषधं घेणाऱ्यांना आणि अर्थातच मुलांना बिनमद्याचा ग्लास द्या. तो नुसता गर आणि सोडा असा नको, पाणचट लागतो. ५० मिली गर, ३० मिली पांढऱ्या द्राक्षांचा गाळलेला रस, चमचाभर लिंबू आणि वर गार सोडा, त्याच क्रमाने आणि त्याच सावकाशीने. दिसायला दोन्ही ग्लास इतके सारखे होतात की बिनमद्याच्या ग्लासाच्या काठाला पुदिन्याचं पान लावून खूण करावी लागते.

उरलं तर

गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, दोन-तीन महिने चांगला राहतो. वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये वितळायला ठेवा आणि पुन्हा एकदा गाळून घ्या. उघडलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवला की वायू टिकतो, ही निव्वळ दंतकथा आहे. स्पार्कलिंग वाइनसाठी क्लिप असलेलं वेगळं झाकण मिळतं, ते लावून बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बुडबुडे गेलेच असतील तर ती वाइन आणि उरलेला पाक एकत्र मंद आचेवर आटवा, त्यात पीचच्या फोडी पाच मिनिटं शिजवा आणि गार करून दह्याबरोबर खा.